बार्शीटाकळी ते अचलपूर, पांदणीपांदणीनं

माझं माहेर बार्शीटाकळीचं, सासर अचलपूरचं आणि संसार अकोल्यात. लग्न झाल्यापासून या तिन्ही गावांमध्ये मी एसटीनंच जात-येत आले. खिडकीतून दिसायचं ते रस्त्याच्या कडेचं: पेट्रोल पंप, जिनिंग, कपाशी आणि पुन्हा कपाशी. मधला मुलूख खरा कसा आहे ते पन्नाशी ओलांडल्यावर पायी चालले तेव्हा कळलं. या संक्रांतीनंतर मी माहेरून सासरी चालत गेले. बस नाही, ऑटो नाही, कोणाच्या मोटारसायकलची मागची सीटही नाही. तुम्हाला असं जावंसं वाटलं तर उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे, त्यामुळे पाणी कुठे गोड आहे आणि बूट कुठे फसतात तेही सांगणार आहे.

आधी वाटेबद्दल. वऱ्हाडात डोंगरवाटा उत्तरेला सातपुड्याच्या अंगाला. बाकी सगळा सपाट काळ्या मातीचा प्रदेश. पण या सपाटीत पांदणी आहेत. दोन शेतांच्या मधून जाणारा, बैलगाडी मावेल एवढा, सगळ्यांच्या वहिवाटीचा कच्चा रस्ता म्हणजे पांदण. एक पांदण गावाच्या शिवेपर्यंत जाते, तिथून शेजारच्या गावाची सुरू होते. आमच्या अकोल्याच्या चालणाऱ्या गटानं अशा पांदणी एकमेकींना जोडत बार्शीटाकळीपासून अकोला, अकोट करत नरनाळ्याच्या पायथ्यापर्यंत वाट लावली. तिकडे परतवाड्याच्या गटानं चिखलदऱ्याहून खाली उतरत अचलपूर आणि पुढे अंजनगावच्याही अलीकडे वाट आणून ठेवली. त्या गटात माझे धाकटे दीर आहेत, दिलीपभाऊजी.

मध्ये एक तुकडा राहिला होता. तुकडा लहान, पण त्याला पर्याय नव्हता. उत्तरेला व्याघ्र प्रकल्प, तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि टाकूही नये. दक्षिणेला डांबरी रस्ता, त्यावर कापसाचे ट्रक एकमेकांना मागे टाकत धावतात. फेब्रुवारीत दोन्ही गटांनी एकत्र चालायचं ठरलं होतं. शाळेच्या मुली आणि त्यांच्या आया येणार होत्या. यांना डांबरी रस्त्यावरून नेणार नाही, हे बैठकीत मीच जाहीर केलं होतं. म्हणजे मधला तुकडा जुळला नाही तर ती चाल रद्द, आणि वाटा दोन त्या दोनच. तो तुकडा जुळवायलाच मी निघाले होते. जाता जाता माहेर-सासर होणार होतं हा माझा वरचा फायदा.

बार्शीटाकळी ते जुने शहर

सोबत नसीमआपा होती. अकोल्याच्या जुन्या शहरात राहते, उर्दू शाळेतून निवृत्त झाली, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी बोलल्याशिवाय पुढे सरकत नाही. माझी पिशवी पाहून म्हणाली, "एवढं काय भरून राहिली?"

"लागते."

"मले काई लागलं तं तुह्या पिशवीत राहीनच. मी कायले आनू?"

भावजयीला वेगळीच काळजी. भाकरी, ठेचा आणि तिळाच्या वड्या बांधून देताना ती म्हणाली, "पायी सासरी जाऊन राहिल्या ताई. लोक म्हनतीन, भांडून निंगाली."

"भांडलेली बाई माहेरी येते वं," आपा म्हणाली. "भांडून सासरी गेलेली मी तं नाई पाहिली."

गावाबाहेर पडलं की तुरी आणि कपाशी. या टप्प्यात वाट चुकायची भीती नाही, कारण खुणा आम्ही रंगवलेल्या आहेत. त्या रंगाची एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्यांदा आम्ही दगडांवर आणि मोऱ्यांच्या भिंतींवर पांढरे बाण काढले. महिन्याभरात ते कोणीतरी खरवडून टाकले. शेतात मोजणी झाली, रस्त्यात जमीन जाणार, अशी आवई उठली होती. मग भगवा लावला, तर एका बाणापुढे नारळ फुटला. हिरवा आणि निळा लावायच्या आधीच लोकांनी विचारलं, कोणत्या पक्षाचे तुम्ही? शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सुचवलं, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावता तो गुलाबी लावा. तो कोणाचाच नाही आणि सगळ्यांच्या घरी असतो. तेव्हापासून आमचे बाण गुलाबी आहेत आणि कोणी हात लावलेला नाही.

संध्याकाळी मोर्णा ओलांडून जुन्या शहरात आपाच्या घरी. तिच्या सुनेनं खिचडा केला होता. माझं घर नदीच्या दुसऱ्या अंगाला, पण मुद्दाम गेले नाही. घरी गेलं की आमच्या दुकानाची चौकशी, गॅस, दूधवाला, आणि पाय तिथेच थांबतात.

खाऱ्या पाण्याचा पट्टा

अकोल्याच्या उत्तरेला पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. विहिरीचं पाणी खारं, तुरीची डाळ त्यात शिजत नाही. इथे येणाऱ्यांनी पाणी सोबत ठेवावं, मिळेल तिथे भरून घेऊ म्हणू नये. एका गावात चहा मिळाला. आपानं घोट घेतला आणि कपात पाहिलं.

चहा देणारी बाई म्हणाली, "मीठ आमी नाई टाकलं बाई. आमच्या चहात ते आधीच राहते."

"मंग साखर काहून टाकता?"

"पाहुन्याले वाटलं पायजे ना, चहा हाये म्हनून."

आम्ही दोघींनी दुसरा कप घेतला. खरं सांगायचं तर सवय होते.

या पट्ट्यात माझं नुकसान झालं. कोणाच्या तरी शेतातलं ओलिताचं पाणी फुटून पांदणीत आलं होतं. काळी माती सुकी असते तेव्हा भेगाळलेली, ओली झाली की सोडत नाही. पाय उचलला, बूट वर आला, बुटाचा तळ खालीच राहिला. माझ्याकडे जादा नाड्या होत्या, जादा मोजे होते, फोडांवरची पट्टी होती. जादा तळ कोण घेऊन फिरतं? आपानं तिच्या झोळीतून प्लास्टिकच्या चपला काढल्या. ती अंघोळीला वापरते त्या. अकोटच्या बाजारात नवे कापडी बूट घेईपर्यंत मी त्या चपलांवर चालले, आणि आपानं वाटेत प्रत्येकाला ते सांगितलं.

तुम्ही गेलात तर शेताला पाणी दिलेल्या दिवशी पांदण सोडून वरच्या कडेनं चाला. बूट जुने असतील तर घरीच ठेवा.

डोंगराच्या पायथ्याशी

अकोटच्या पुढे बदल होतो तो आधी जिभेला कळतो. पाणी गोड. मग डोळ्यांना: उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत, त्यावर नरनाळ्याची तटबंदी, आणि पायथ्याला संत्र्याच्या बागा. इथलं चालणं फार सुखाचं आहे. सकाळी डोंगरावरून गार वारा येतो, बागेतल्या झाडांखाली ओल असते, आणि कोणी ना कोणी हाक मारून हातावर दोन संत्री ठेवतं. खाली खाऱ्या पट्ट्यात लोक विचारायचे, "कोनत्या गावच्या?" इथे विचारतात, "जेवल्या का?" अकोल्यात या दोन्हींपैकी काहीच विचारत नाहीत, भाव विचारतात.

एका मळ्यात औषधी पानपिंपळीचे वेल पाहिले. अंजनगावच्या बाजूला हे पीक जुनं आहे. सावली हवी, ओलावा हवा, वेलाला आधार हवा. मळ्यातल्या बाईंनी एक पिंपळी चावायला दिली. आधी काही वाटलं नाही, नंतर जीभ अशी पेटली की बराच वेळ बोलता आलं नाही. आपासुद्धा गप्प होती, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट.

तुटलेली पांदण

आता तो तुकडा. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लगेच कळेल.

नकाशावर ही पांदण सरळ पूर्वेला जाते. प्रत्यक्षात तिची दोन्ही टोकं शाबूत आहेत आणि मधला भाग नाही. उत्तरेचं शेत दादारावांचं, दक्षिणेचं हारूनभाईंचं. दोघांनीही आपापल्या बाजूनं नांगर थोडा थोडा आत घेतला. उरला तो मधे एक बारीक बांध, त्याला इकडे धुरा म्हणतात. त्या धुऱ्यावर रानडुकरं अडवायला बोरीच्या काट्या टाकलेल्या. दोन्हीकडे भरात आलेला हरभरा. माणूस जाईल कुठून?

आदल्या संध्याकाळी मी दादारावांच्या घरी गेले. साठीचे, शर्टाच्या खिशात चष्मा, बोलणं तुटक. चहा झाला. मी सगळं नीट समजावून सांगितलं: गाडीवाट नको, माणूस जाईल एवढीच जागा हवी, पीक तुडवलं जाणार नाही, माणसांची ये-जा राहिली की डुकरंही बिचकतील.

"डुकरं रात्री येतात," दादाराव म्हणाले. "तुमी दिवसा येनार."

"पण पांदण तर होती ना इथं?"

"होती. हारूननं खाल्ली."

"सगळी?"

"सगळी. त्याचं पोट मोठं हाये. त्यालेच मागा."

हारूनभाई त्यांच्या संत्र्याच्या बागेत भेटले. त्यांनीही चहा दिला.

"मी खाल्ली म्हने का तो? बाई, मी त्याच्यासंगं शाळेत होतो. माहा डब्बाबी असाच खाये. अन् मास्तरले सांगे, हारूननं खाल्ला."

"अन् तुमी त्याचा नाई खाल्ला?" आपानं विचारलं.

"त्याच्या डब्यात रोज पिठलंच राहे. खाऊन काय करू?"

पण द्यायला तेही तयार नव्हते. दादाराव एक वीतभर मागे सरकला तर मी सरकतो, म्हणाले. आणि दादाराव सरकणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पांदण नांगरली गेल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. काही निरोप असला तर किराणा दुकानात ठेवतात. या भांडणात हारूनभाईंची संत्री डोक्यावरून वाहून रस्त्याला आणावी लागतात आणि दादारावांची गाडी लांबचा वळसा घेते, हे दोघांनाही मान्य होतं. फक्त त्याला जबाबदार दुसरा होता.

रात्री मुक्कामाला शाळेच्या व्हरांड्यात मी आपाला म्हणाले, "चाल रद्द करावी लागेल."

"सकाळी पाहू," ती म्हणाली आणि माझीच शाल ओढून झोपली.

सकाळी आम्ही पांदणीच्या पश्चिम टोकाला उभ्या राहिलो. ठरल्याप्रमाणे दिलीपभाऊजी अचलपूरकडून पूर्व टोकाला आले होते, सोबत त्यांच्या गटातले दोघं. मधे तेवढाच हरभरा. माणसं स्पष्ट दिसत होती. फोन वाजला.

"वहिनी, दिसून राहिलो का आमी?"

"दिसून राहिले. टोपी नवीन घेतली वाट्टे."

"मंग या ना."

"कुठून येऊ? हरभऱ्यातून?"

"आमी येतो तं मार खाऊ. इकडं एक मानूस काठी घेऊन उभा हाये."

ते हारूनभाई होते. इकडे दादारावही आले होते, घाटे दाबून पाहत. माझं फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं.

"ते कोन हायेत?" त्यांनी समोर बोट दाखवलं.

"माझे दीर. अचलपूरहून आले."

"घ्यायले आले?"

"हो, म्हणजे वाट पाहायलाच..."

"अन् तुमी कुठून निंगाल्या?"

"माहेरून. बार्शीटाकळीहून."

"पायी?"

"पायी."

दादाराव म्हणाले, "सासरचा मानूस घ्यायले येऊन उभा हाये, अन् सूनबाई माह्या धुऱ्यावर अडकली. हे काई बरं दिसत नाई."

आदल्या दिवशी मी त्यांना अंतर सांगितलं होतं, मुलींची सुरक्षितता सांगितली होती, डुकरंही सांगितली होती. मी कोणाची सून आहे हे सांगायचं सुचलंच नव्हतं.

ते खाली वाकले आणि हरभरा मुळासकट उपटायला लागले. एक ओळ, तिच्या शेजारची दुसरी. डहाळे डाव्या हातावर घेत पुढे सरकत म्हणाले, "मांगं मांगं या. बाकीच्यावर पाय नाई पडला पायजे." आम्ही त्यांच्या मागून धुऱ्याला लागून चालू लागलो.

पलीकडे काय झालं ते भाऊजींनी नंतर सांगितलं. हारूनभाईंनी विचारलं, "दादाराव काय करून राहिला?" भाऊजी म्हणाले, "आमच्या वहिनीले घेऊन येऊन राहिले." त्यावर हारूनभाई म्हणाले, "असं? पाहुने काय त्याच्या एकट्याचे हायेत?" त्यांनी काठी भाऊजींच्या हातात दिली आणि आपल्या बाजूनं हरभरा उपटायला सुरुवात केली. दादारावांनी मान वर करून ते पाहिलं आणि वेग वाढवला. हारूनभाईंनीही वाढवला. भाऊजींची माणसं मागे पळायला लागली.

साधारण मधे दोघं समोरासमोर आले, छातीपर्यंत हरभऱ्याचे डहाळे, मधे धुरा. आधी कोणीच थांबेना, म्हणून दोघंही आपापल्या बाजूनं पार दुसऱ्या टोकापर्यंत उपटत गेले आणि मग मधे परतले. धुऱ्याच्या अलीकडे दादारावांनी मोकळी केलेली पट्टी, पलीकडे हारूनभाईंनी मोकळी केलेली. आपानं आणि मी हारूनभाईंच्या काठीनं बोरीच्या काट्या उचलून बाजूला केल्या. मला माणूस जाईल एवढी जागा हवी होती. समोर गाडी जाईल एवढी पांदण पडली होती.

दादाराव मला म्हणाले, "त्याले सांगा, माह्याकडून जास्त गेलं."

हारूनभाई भाऊजींना म्हणाले, "त्याले सांगा, माहा हरभरा दाट होता."

एवढे डहाळे वाया कोण घालवतं? तिथेच कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून ते भाजले. सगळ्यांची बोटं आणि तोंडं काळी झाली. संक्रांतीच्या वड्या उरल्या होत्या त्या मी काढल्या. दोन्ही यजमान जाळाच्या दोन बाजूंना बसले होते आणि घाटे सोलून पाहुण्यांपुढे ठेवत होते, कोणापुढे जास्त पडतात यावर दोघांचंही लक्ष होतं. खात असताना मी विषय काढला. काम अर्धं सोडणं मला जमत नाही.

"पुढच्या सालात इथं पुन्हा पेरू नका."

"त्यानं नाई पेरलं तं मी कायले पेरतो?" हारूनभाई म्हणाले.

दादाराव जाळाकडे पाहत म्हणाले, "त्यानं पेरलं तं मी बी पेरीन."

याहून पक्का करार मला तहसीलातही मिळाला नसता. दोघंही एकमेकांच्या पट्टीवर नजर ठेवणार, हे उघड होतं. गुलाबी रंगाची डबी पिशवीत होतीच. दोन्ही टोकांच्या दगडांवर बाण काढले आणि आम्ही अचलपूरची वाट धरली.

अचलपूर

पुढचा भाग भाऊजींच्या गटानं आखलेला, त्यामुळे मला काही बघावं लागलं नाही. बागांमधून, मग विटाभट्ट्यांजवळून, आणि शेवटी जुन्या वेशीतून गावात. सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. माझ्या बुटांकडे पाहून म्हणाल्या, "एसटी बंद हाये का?" मग गरम पाण्याची बादली आली. आपानं पाय आधी बुडवले.

फेब्रुवारीत एकत्र चाल झाली. अकोल्याहून आम्ही, परतवाड्याहून ते. मुली, आया, दोन शिक्षक. पातूरकडचे काही लोक पाहायला आले होते. दक्षिणेकडून त्यांची वाट बार्शीटाकळीला जोडायची आहे, म्हणून. त्यांना मी सगळं सांगितलं, पांदणींच्या बाबतीत आधी नाती विचारा हेही सांगितलं.

त्या तुकड्याशी पोचलो तेव्हा हरभरा पिवळा पडला होता. पश्चिम टोकाला दादारावांची चहाची किटली, पूर्व टोकाला हारूनभाईंची. इकडचा घेऊन तिकडे न थांबणं शक्य नव्हतं. दादाराव पांदणीच्या मधोमध उभे राहून कप भरत होते, तेवढ्यात समोरून हारूनभाईंची बैलगाडी आली, संत्र्याच्या क्रेटांनी भरलेली. मुली दोन्ही बाजूंना सरकल्या. दादाराव मात्र सरकले नाहीत. गाडी अगदी जवळ आली, बैल थांबले.

दादारावांनी किटली उचलली, आपल्या शेताच्या अंगाला झाले आणि बैलांकडे पाहत म्हणाले, "हारून, चाक माह्या हरभऱ्यात घालू नको."

"तुहा हरभरा माह्या चाकात येऊन राहिला, ते पाह्य आधी," हारूनभाई गाडीवरून म्हणाले.

"घाल मंग. घालून दाखव."

"खाली उतरून घालू का?"

आपानं माझ्या दंडाला धरलं. "बोलले वं," ती हळूच म्हणाली.

गाडी निघून गेली. भुसभुशीत मातीत चाकांच्या दोन स्वच्छ रेघा उमटल्या होत्या, आणि मुली त्या दोन रेघांवरून दोन रांगा करून अचलपूरकडे चालू लागल्या.